दुपार टळू दे

तुम्ही खोटं बोललात, साहेब. गळ्यात हार असताना, माइक हातात धरून, भर सभेत बोललात.

तालुक्याच्या सभागृहात तुमचा सत्कार होता. मी शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "ऐन जुलैत, भट्टीसारख्या उन्हात, मरायला टेकलेलं खजुराचं झाड मी जिद्दीनं जगवलं. आजही ते कॉलनीच्या दारात उभं आहे. मराठी माणसानं मनावर घेतलं तर वाळवंटातही पालवी फुटते." टाळ्या पडल्या. मी हात वर केला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं की अल्पोपाहाराची सोय बाहेर मंडपात केलेली आहे.

मी काही खाल्लं नाही. घरी आलो आणि लिहायला बसलो. तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात.

झाड उभं आहे, हे खरं आहे. ते कोणी जगवलं, ते मी सांगतो.

"तू कोकणातला ना? भंडारी ना? मग चढ वर," तुम्ही खजुराच्या झाडाखाली उभे राहून म्हणालात.

"माडार चढतंय साहेब," न्हानू म्हणाले. "हेका काटे आसत."

"काट्यांना काय घाबरतोस? वर जाऊन फक्त बघ त्याला काय झालंय ते."

न्हानू आरोलकर म्हणजे माझे भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनचे यजमान. आमच्या वाडीत माडावर चढणारे पुष्कळ, पण न्हानू चढायला लागले की माणसं हातातलं काम सोडून बघत बसायची. आखातात ते माळी म्हणून आले. वर्षभरानं त्यांच्याच चिठ्ठीवर मी आलो आणि पाण्याच्या टँकरवर लागलो. नव्यानं बांधल्या जाणाऱ्या त्या कॉलनीत चौकातल्या फुलझाडांपासून फाटकाजवळच्या हिरवळीपर्यंत सगळं आमच्याकडे होतं, आणि आम्ही तुमच्याकडे.

ते खजुराचं झाड कॉलनीच्या मालकाच्या आजीनं लावलेलं. तिची बाग नव्या रस्त्यात गेली, तेव्हा मालकानं तेवढं एक झाड मुळासकट उचलून आणलं आणि आपल्या फाटकाच्या आत, दर्शनी जागी लावायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, लावू. क्रेन आली, ट्रेलर आला. मालकाला सप्टेंबरात उद्घाटन करायचं होतं, म्हणून झाड जुलैत उपटलं. पाठीवर पट्ट्याचा मार बसावा तसं ऊन पडत होतं.

पंधरवड्यात मधला कोंब पिवळा पडला आणि एका अंगाला कलला.

न्हानूंनी खोडाला हात लावला, तो कपाळाला लावला, मग पायात दोराचं वेटोळं अडकवलं. झाडाला पाय लावायच्या आधी त्याची क्षमा मागायची, ही आमच्याकडची रीत. तुम्ही घड्याळात बघितलंत.

मी टँकरपाशी उभा होतो. भावोजी अर्ध्यात थांबले. माडावर ते कधी अर्ध्यात थांबत नसत.

"भावजी," मी ओरडलो, "झाडाचो रंग तुमच्यापरास बरो दिसता!"

"तू पाणी सांड नको म्हणजे झाला," वरून आवाज आला. "टँकर रिकामो केलंस तर तुझ्या बहिणीक सांगेन, भाव तुझो थय झोपा काढता म्हणून."

वर पोचल्यावर त्यांनी झावळ्या बाजूला केल्या, नाक आत घातलं. उतरले तेव्हा हात काट्यांनी रक्ताळलेले होते.

"कोंबान मान टाकल्यान, साहेब. पण वास नाय. वास नाय म्हणजे गाभो अजून कुजूक नाय. वाचात कदाचित."

"कदाचित चालणार नाही," तुम्ही म्हणालात. "मालकाच्या आजीचं झाड आहे ते." आणि तिथल्या तिथे फोन लावलात.

आता भावोजींच्या रंगाचं सांगतो, कारण मी ते गमतीत बोललो असलो तरी गंमत नव्हती. महिनाभर त्यांचे पाय सुजत होते. सकाळी चपला चढायच्या, संध्याकाळी पट्टे सोडावे लागायचे. लघवीला जाऊन आले की तोंड फिरवून बसायचे. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "चहाच्या रंगाची होता." कॅम्पातला कंपाउंडर डोकं दुखलं तरी तीच गोळी द्यायचा आणि पाय सुजले तरी तीच. इस्पितळात जायचं तर कंपनीचं कार्ड लागायचं, आणि भावोजींच्या कार्डाची मुदत संपलेली होती. ते नवीन करून द्यायचं काम तुमचं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "बघू."

त्यांची रजा मंजूर झालेली होती. जुलैच्या मध्याला निघायचं, घरी जायचं, शालनताईला घेऊन कणकवलीच्या डॉक्टरला दाखवायचं, असं ठरलं होतं. त्यांनी बॅगही काढून ठेवली होती. मग हे झाड आलं. कॉलनीत चढणारा माणूस एकच. भावोजी पासपोर्ट मागायला तुमच्या केबिनमध्ये आले, तेव्हा मी दाराशी होतो. तुम्ही खुर्चीतून उठलात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात.

"न्हानू, आपण एका तालुक्यातले. मला अडचणीत टाकून जाणार? झाड उभं राहू दे. मग तुझ्या रजेचं बघू."

तुमचा हात खांद्यावर पडला म्हणून भावोजी विरघळले. मला तेव्हाच शिवी द्यावीशी वाटली होती.

तर, झाडाचा डॉक्टर त्याच संध्याकाळी आला. डॉक्टर जवाद त्याचं नाव. बसऱ्याचा म्हातारा इराकी, पांढऱ्या मिशा, मोडक्या गाडीत मागे गोणपाटं आणि बाटल्या भरलेल्या. तरुणपणी पुण्याला शेतकी शिकला होता, त्यामुळे हिंदी बोलायचा आणि मध्येच एखादा मराठी शब्द टाकून स्वतःच खूश व्हायचा.

"जुलै में कौन उखाड़ता है?" गाडीतून उतरता उतरता त्यानं विचारलं. "कोण रे? किसका दिमाग़?"

तुम्ही हसून म्हणालात, की तसा निर्णय झाला होता. निर्णय झाला होता, साहेब! आपोआप, जसा पाऊस पडतो तसा.

त्यानं पिशवीतून चक्क माणसांच्या डॉक्टरची नळी काढली. कानात घातली, खोडाला लावली आणि डोळे मिटले. थोडं सरकून पुन्हा लावली.

"काय आयकता रे तो?" न्हानूंनी मला हळूच विचारलं.

"सोंडो," मी म्हटलं. माडाला लागतो तोच भुंगा खजुरालाही लागतो. त्याची अळी आतून खोड खाते, आणि बाहेरून कळतं तेव्हा झाड संपलेलं असतं.

जवादनं न्हानूंना जवळ बोलावलं आणि नळी त्यांच्या कानाला दिली. भावोजींनी ऐकलं, मान हलवली. "कायच नाय. गप आसा."

"चुप है," जवाद म्हणाला. "अच्छा है. खाने वाला अंदर नहीं है. अब नीचे देखते हैं."

बुंध्याशी त्यानं फावडं मागितलं. वर चिखल होता, कारण मी रोज टँकर रिकामा करत होतो. जवादनं ढोपरभर खणलं आणि मूठ बाहेर काढली. हातात कोरडी राख असावी तशी माती. मुळांचा गड्डा खड्ड्यात ठेवला, तेव्हा भोवतीची माती कोणी दाबली नव्हती. आत पोकळी राहिली होती. माझं पाणी वरून दिसत होतं आणि कडेनं निघून जात होतं, मुळांना लागतच नव्हतं.

"देखो," जवादनं तुम्हाला मूठ दाखवली. "पानी मिल रहा है, सब को दिख रहा है. इसको पहुँच नहीं रहा."

तेवढ्यात भावोजींनी कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली. आमच्याकडे माड रुसला की त्याच्या गाभ्यात मीठ-वाळू घालतात. माझा बाप घालायचा, त्याचा बाप घालायचा. जवादनं झडप घालून त्यांचा हात धरला.

"अरे बाबा! यहाँ ज़मीन में नमक, पानी में नमक, हवा में नमक. तू और नमक डालेगा? मार डालेगा!"

"आमच्याकडे घालतत," भावोजी ओशाळले.

"आमच्याकडे, आमच्याकडे," जवाद त्यांची नक्कल करत हसला. "वो तुम्हारा कोकण है. वहाँ आसमान से पानी गिरता है." मग त्यांचा धरलेला हात त्यानं लगेच सोडला नाही. मनगट जरा वेळ बोटांत ठेवलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तेरी तबियत ठीक है?"

"ठीक, ठीक," भावोजी म्हणाले.

उपाय ठरला. पोकळीत वाळू घालून पाण्यानं बसवायची. खालच्या झावळ्या कापायच्या, वरच्या कोंबाभोवती सैल बांधायच्या, म्हणजे त्याला सावली राहील. खोडाला खालपासून वरपर्यंत गोणपाट गुंडाळायचं. झाडाभोवती खांब रोवून हिरव्या जाळीचं छत करायचं. बुंध्याला पाणी पहाटे आणि सूर्य बुडल्यावर, थोडं थोडं. आणि भर दुपारी गोणपाट ओलं ठेवायचं, वरपासून.

"दोपहर में बेचारे का बदन जलता है," जवाद म्हणाला. "नई जगह है, जड़ें कटी हुई हैं. दोपहर निकल गई तो बच जाएगा."

भर दुपारी बाहेर काम करायला त्या महिन्यांत सरकारची बंदी होती. दुपारी सगळी माणसं शेडमध्ये. तपासणीची गाडी फिरायची. जवादनंच तुम्हाला त्याची आठवण करून दिली आणि सांगितलं की वर एक पाइप बांधा, नळ फिरवला की पाणी झिरपेल, माणूस लागणार नाही. तुम्ही म्हणालात, पाइपचं बघतो.

पाइप आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही न्हानूंना बोलावून बादली आणि दोर दाखवलात.

"साहेब, दुपारचा काम बंद असता," भावोजी म्हणाले.

"हे काम कुठे आहे? ही सेवा आहे. झाडाची सेवा."

आणि ते चढले. रोज चढू लागले. मी खालून बादली दोराला बांधायचो, ते वर ओढायचे, गोणपाटावर ओतायचे. जाळीच्या सावलीत जरा बसलो तर तुमचा मुकादम हटकायचा, ती सावली झाडासाठी आहे, मालक कधीही येईल, खाली माणसं लोळलेली दिसायला नकोत.

आमच्या खोलीत गुल जमान नावाचा पेशावरकडचा पठाण गवंडी होता. तो एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आमच्याबरोबर झाडाकडे आला. न्हानूंनी डबक्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं, डोक्यावर टॉवेल घेतला आणि झाडासमोर हात जोडून उभे राहिले.

"ये क्या करता है चाचा?" गुल जमाननं विचारलं.

"गाऱ्हाणं," मी म्हटलं आणि हिंदीत समजावलं. "देवाला फिर्याद. हे बोलणार, आणि प्रत्येक बोलण्यावर आपण मोठ्यानं म्हणायचं, 'व्हय म्हाराजा.' म्हणजे साक्ष. साक्षीशिवाय गाऱ्हाणं लागू होत नाही."

"व्हय... महाराजा," त्यानं म्हणून बघितलं. "चल, हम गवाह है."

भावोजींनी आवाज चढवला. वाडीतल्या देवळात ते गाऱ्हाणं घालायचे तेव्हा खाडीपलीकडे ऐकू जायचं. आता तेवढा दम नव्हता, पण तरी.

"बा देवा म्हाराजा! आज हय परक्या मुलखात, ह्या जा काय खजुराचा झाड आजारी पडला हा, ता तुझ्या पायाशी घातलाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेका जागेवरना उपटताना कोणाचा काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुल जमान माझ्यापेक्षा जोरात.

"हेच्या मुळाक पाणी लागूंदे, कोंबाक जीव येऊंदे, हेका सरळ उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते खाली बसले. धाप लागली होती. गुल जमाननं त्यांच्या पाठीवर हात फिरवला. "चाचा, सब इसके लिए माँगा. अपने लिए कुछ नहीं?"

"एका गाऱ्हाण्यात एकच मागायचा असता," भावोजी म्हणाले. "दोन मागल्यार देव गोंधळता."

"मगे तुमचाच मागायचा ना!" मी चिडलो. "झाड काय तुमचा जावई आसा?"

"अरे खुळ्या, ह्या झाड बरा झाला काय साहेब माका सोडतलो. सोडल्यान काय मी घराक जातलंय. घराक गेलंय काय बरो होतलंय. म्हणजे एकच मागणा ना रे ता?"

हिशोब सरळ होता.

तुम्ही कधी तापलेल्या खोडाला मिठी मारून वर चढला आहात, साहेब? गोणपाट ओलं असतं, वाफ तोंडावर येते. काटे कपड्यांतून घुसतात. खाली वाळू इतकी पांढरी की डोळे उघडवत नाहीत. भावोजींचा घाम हळूहळू कमी झाला. आधी मला बरं वाटलं. मग एक दिवस त्यांच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ तव्यासारखं आणि कोरडं ठाक.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो. आठवतं? मी म्हटलं, त्यांचं कार्ड करून द्या, नाहीतर मला तरी दुपारी वर चढू द्या. तुम्ही म्हणालात, "तू पडलास तर टँकर कोण चालवणार? आणि कार्डाचं मी बोललोय वर. बघू."

डॉक्टर जवाद दुसऱ्यांदा आला तेव्हा जुलै संपत आला होता. सकाळची वेळ. भावोजी आधीच वर होते. जवादनं खालून सांगितलं, "कोंब को पकड़. धीरे से खींच. हाथ में आया तो खेल ख़तम."

भावोजींनी दोन बोटांत कोंब धरला. आमचा सगळ्यांचा जीव त्या दोन बोटांत. तुमचाही, हे मी मान्य करतो. तुम्ही रुमालानं मान पुसत होतात.

"येणा नाय!" वरून आवाज आला. "घट आसा! आणि साहेब, मधी हिरवा दिसता. नखाएवढा. नवीन!"

तुम्ही जवादला मिठी मारलीत. मग लगेच फोन काढलात, मालकाला सांगायला.

जवाद मात्र वर बघत होता. "उतर," तो म्हणाला. "उतर नीचे. चला, चला."

भावोजी उतरले ते घसरतच. जवादनं त्यांना जाळीखाली बसवलं, विजारीचा पाय वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. त्यानं दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळ्यांखालची पापणी ओढून बघितली. लघवीचं विचारलं. भावोजींनी खाली बघत सांगितलं.

जवाद उठून तुमच्याकडे गेला. मी ऐकेन इतक्या मोठ्यानं बोलला. "तुम्हारा पेड़ बच गया. इस आदमी को आज अस्पताल भेजो. आज. इसके गुर्दे, किडनी, जा रहे हैं."

तुम्ही हसून म्हणालात, "डॉक्टरसाब, आप तो पेड़ के डॉक्टर हैं."

"हाँ," तो म्हणाला. "मगर मेरी भी आँखें हैं."

"भेजता हूँ, भेजता हूँ. देखता हूँ."

जाताना त्यानं आपला नंबर माझ्या तळहातावर पेनानं लिहिला.

मी वाट बघितली. गाडी आली नाही. दुपार झाली. मुकादम आला आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, संध्याकाळी मालक येणार आहेत, हिरवा कोंब बघायला. गोणपाट आज जास्त ओलं ठेवायचं.

"मी चढतंय," मी म्हटलं.

"तुका येणा नाय. काटो लागून बोंबलशील," भावोजी म्हणाले आणि उभे राहिले. खोडाला हात लावला, कपाळाला लावला. दोराचं वेटोळं पायात घालायला वाकले ते वाकलेच. तिथेच बुंध्याशी, कुशीवर पडले.

मी त्यांना हलवलं. तोंडातून शब्द फुटत होते, पण जुळत नव्हते. गुल जमान शेडमधून धावत आला. आम्ही दोघांनी त्यांना ओढून जाळीच्या छताखाली घेतलं. त्या सावलीत कोणी माणूस पहिल्यांदाच आडवा झाला. मी बादली त्यांच्या छातीवर ओतली आणि तुमच्या केबिनकडे धावलो.

दार वाजवलं नाही, ढकललं. आत इतकं गार होतं की माझे दात वाजले. तुम्ही टेबलावर मालकासाठी आणलेली फुलं पाण्यात लावत होतात.

"साहेब, भावोजी पडले. गाडी द्या. इस्पितळात न्यायचंय."

"पाणी मार तोंडावर. ऊन लागलं असेल."

"मारलं. शुद्ध जातेय. डॉक्टर सकाळी काय बोलले, ऐकलंत ना तुम्ही?"

"सगुण, माझं ऐक." तुम्ही आवाज खाली आणलात, खांद्यावर हात ठेवायला पुढे आलात. "मालक निघालेत. फाटकात अॅम्ब्युलन्स उभी दिसली, माणूस उचलून नेताना दिसला, तर काय होईल कल्पना आहे? दुपारी काम चालू होतं, हेच निघेल त्यातून. मी जाईन, तुम्हीही सगळे जाल. सावलीत झोपव त्याला. दुपार टळू दे. मग बघू."

मी तुमचा हात झटकला, एवढं तुम्हाला आठवत असेल. टँकरची किल्ली माझ्याकडे होती. भावोजींना टँकरच्या केबिनमध्ये आडवं घातलं आणि टँकर फाटकापर्यंत नेला. फाटक बंद. तुमचा फोन माझ्याआधी पोचला होता. पहारेकरी नेपाळी होता, रडकुंडीला आला होता बिचारा, पण किल्ली त्याच्याकडे नव्हती.

तेव्हा मला तळहात आठवला. आकडे घामानं पसरले होते, तरी फोन लागला. जवाद आला. फाटकाबाहेर गाडी लावून, पहारेकऱ्याच्या छोट्या दारातून आत आला. मी, गुल जमान आणि तो म्हातारा, तिघांनी भावोजींना त्या छोट्या दारातून आडवं काढलं आणि मागच्या सीटवर, गोणपाटांवर ठेवलं. बाटल्या पायाशी खुळखुळत होत्या.

वाटेत भावोजींनी डोळे उघडले. "सगुणा."

"हय आसंय, भावजी."

"गोणपाट सुकला असतला."

"मरूंदे ता गोणपाट."

"असा म्हणा नको रे," ते म्हणाले. "कोंब नवीन आसा."

इस्पितळाच्या दारात जवादनं त्यांचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. आत नेलं, पण त्याला अर्थ नव्हता. कार्ड कुठे आहे, असं खिडकीतून विचारलं गेलं, तेव्हा जवाद अरबीत इतका ओरडला की ओळीतली माणसं मागे सरकली.

कागदावर लिहून आलं, हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू. हृदय कोणाचं बंद पडत नाही, साहेब? ज्याला फाशी देतात त्याचंही पडतं.

आणि मालक त्या संध्याकाळी आलाच नाही. पुढच्या आठवड्यात आला. कोंब तोवर वीतभर झाला होता. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढलात. तोच फोटो सत्काराच्या पडद्यावर होता. तुमच्या पायाशी खोडावर गोणपाट आहे, नीट बघा. ते भावोजींनी बांधलेलं आहे. गाठ भंडाऱ्याची आहे, ती तुम्हाला बांधता येणार नाही आणि सोडताही येणार नाही.

त्यांना घेऊन मी गावी आलो. दिवस झाल्यावर शालनताईनं मला परसदारी बोलावलं. तोवर ती रडली नव्हती.

"सगुणा, खरा सांग. डॉक्टरान बघितल्यान तेंका?"

"बघितल्यान."

"मगे?"

"झाडाचो डॉक्टर होतो तो, ताई."

तिला वाटलं मी तिची थट्टा करतोय. तिनं माझ्या मुस्कटात मारली. मग तिला कळलं आणि ती माझ्याच अंगावर कोसळली. परसातले माड तिच्या नवऱ्यानं लावलेले. त्यांच्यावर चढायला आता पैसे देऊन माणूस आणावा लागतो.

तर आता मी गाऱ्हाणं घालतोय, साहेब. देवाला नाही, तुम्हाला. मागे 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी उभं नाही. गुल जमान कुठे आहे ठाऊक नाही, डॉक्टर जवाद गेला असं ऐकलं. साक्षीशिवाय गाऱ्हाणं लागू होत नाही, म्हणून छापायला देतोय. जो वाचेल तो साक्षी.

एका गाऱ्हाण्यात एकच मागायचं असतं. म्हणून कार्डाचं विचारत नाही. पासपोर्टाचं, पाइपाचं, फाटकाच्या किल्लीचं विचारत नाही. भरपाई मागत नाही. माफी तर तुमच्याकडून नकोच.

ती दुपार टळली, साहेब. त्यानंतर कितीतरी दुपारी टळल्या. तुम्ही निवृत्त होऊन गावी आलात, बंगला बांधलात, दारात खजुराचं रोप लावलंत, मी येता-जाता बघतो. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, दुपार टळू दे, मग बघू.

एवढंच सांगा. काय बघणार होतात?